साथीच्या काळातील वाद आणि सर्गचा मुक्काम

अल्लाहची हम्द आणि त्याच्या अंतिम प्रेषितांवर दरूद व सलाम असो.

आज एका प्रश्नाने सुरुवात करतो. त्याचे उत्तर मला देऊ नका, स्वतःच्या मनाला द्या. आपल्या नात्यात, मोहल्ल्यात किंवा मशिदीच्या सफेत अशी एखादी व्यक्ती आहे का, जिच्याशी कोरोनाच्या त्या दिवसांपासून आपले बोलणे तुटले आहे? जनाजा कसा न्यायचा, मशीद बंद ठेवायची की नाही, लस घ्यायची की नाही, तपासणीला कोणाचे नाव कोणी सांगितले, अशा एखाद्या गोष्टीवरून शब्द वाढला आणि तो शब्द अजून मिटलेला नाही? साथ ओसरली, तोंडावरचे मास्क उतरले, गल्लीच्या तोंडाशी ठोकलेले पत्रे आणि बल्ल्या निघाल्या. पण मनांमध्ये ठोकलेल्या बल्ल्या किती घरांत अजून तशाच आहेत, हे इमाम या नात्याने मी रोज पाहतो.

आधी ते दिवस आठवू या. नागपुरात पहिला कोरोनाबाधित रुग्ण ११ मार्च २०२० रोजी आढळला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शहरातला पहिला मृत्यू नोंदला गेला आणि सतरंजीपुऱ्याचे नाव घराघरांत पोहोचले. त्यापाठोपाठ मोमिनपुरा. कुटुंबेच्या कुटुंबे बसमध्ये बसवून आमदार निवासात आणि इतर विलगीकरण केंद्रांत नेण्यात आली. आमच्या मोहल्ल्यापासून मेयो रुग्णालय हाकेच्या अंतरावर; रात्री रुग्णवाहिकेचा आवाज आला की प्रत्येक घरात आयतुल कुर्सीचे पठण सुरू होई. रमजान बंद गल्ल्यांत गेला. २५ मे रोजी ईद आली, तीही ईदगाहविना. ज्या वृद्धांनी साठ-सत्तर वर्षांत एकही ईदची नमाज चुकवली नव्हती, त्यांनी ती सकाळ गच्चीवर बसून काढली.

अशा काळात माणसे वाद घालणारच. भीती आणि वाद ही सख्खी भावंडे आहेत. वाद झाला हा आपला अपराध नव्हे. तो आपण कसा घातला, याचा हिशेब मात्र द्यावा लागणार आहे.

मार्चच्या शेवटच्या दिवसांतली एक संध्याकाळ मी विसरू शकत नाही. मशिदीत मोजक्याच माणसांनी नमाज अदा करावी, बाकीच्यांनी घरीच पढावी, असा निर्णय आला होता. वझूखान्याशेजारच्या ओसरीवर दहा-बारा जण जमले होते. पहिल्या सफेत उभे राहणारे एक वृद्ध चाचा, ज्यांच्या मांडीवर बसून मोहल्ल्यातली निम्मी मुले कायदा शिकली, ते म्हणाले की आजार एकाकडून दुसऱ्याकडे जातो हे मानणे म्हणजे ईमानाची कमजोरी, प्रेषितांनी (स.) स्वतः संसर्गाला नकार दिला आहे. औषधांच्या दुकानात काम करणारा एक तरुण म्हणाला, “चाचा, दुकानात रोज काय येते ते मी पाहतो. चार दिवस घरी थांबा.” आवाज चढले. चाचांच्या तोंडून ‘मुनाफिक’ हा शब्द निघाला. तरुणाच्या तोंडून ‘जाहिल’ हा शब्द निघाला. मग दोघांनीही माझ्याकडे पाहिले.

मी गप्प राहिलो. पुढे जे लिहीत आहे ते सारे मला त्या वेळीही ठाऊक होते. मदरशात दौर-ए-हदीसच्या वर्षी बुखारी शरीफमधील वैद्यकाच्या प्रकरणात ते उस्तादांसमोर बसून मी वाचले होते. पण वयाने मोठ्या माणसाला दुखवायचे नाही, तरुणांनाही तोडायचे नाही, अशा भिडेने मी “अल्लाह बेहतर जानता है” म्हटले आणि उठून गेलो. हे वाक्य खरेच आहे. मी मात्र त्या दिवशी ते ढाल म्हणून वापरले.

आता ती हदीस ऐका. हिजरी सन १८ च्या सुमारास, म्हणजे इसवी सन ६३९ च्या आगेमागे, खलीफा आदरणीय उमर (रजि.) शामच्या दौऱ्यावर निघाले. हिजाज आणि शामच्या सीमेवरील सर्ग या मुक्कामी सेनापती आदरणीय अबू उबैदा (रजि.) त्यांना सामोरे आले आणि शाममध्ये ताऊन, म्हणजे प्लेग, पसरल्याची बातमी त्यांनी दिली. इतिहासात हीच साथ ‘अमवासचा ताऊन’ म्हणून ओळखली जाते. पुढे जायचे की परतायचे?

खलीफांनी आदेश दिला नाही. त्यांनी आधी पहिल्या मुहाजिरांना बोलावले. त्यांच्यात मतभेद झाला. काही म्हणाले, ज्या कामासाठी निघालो ते सोडून परतणे योग्य नाही. काही म्हणाले, प्रेषितांचे (स.) सहाबा सोबत आहेत, त्यांना साथीच्या तोंडी देऊ नका. मग अन्सारांना बोलावले. त्यांच्यातही तसाच मतभेद. शेवटी कुरैशमधील, मक्का विजयाच्या काळात हिजरत केलेल्या ज्येष्ठांना बोलावले. त्यांनी एकमुखाने परतण्याचा सल्ला दिला. तेव्हा आदरणीय उमर (रजि.) यांनी जाहीर केले की उद्या सकाळी आपण परत फिरणार.

बंधूंनो, येथे क्षणभर थांबा. हे कोण होते? ज्यांनी प्रेषितांच्या (स.) सोबत बद्र आणि उहुद पाहिले, ते लोक होते. त्यांच्यातही साथीविषयी दोन मते झाली. म्हणून मोमिनपुऱ्याच्या एखाद्या ओसरीवर दोन मते झाली, याचा अर्थ ईमान बुडाले असा होत नाही.

पुढचा प्रसंग अधिक बोलका आहे. निर्णय झाल्यावर अबू उबैदा (रजि.) यांनी उघडपणे हरकत घेतली. अल्लाहने ठरवलेल्या तकदीरीपासून आपण पळ काढत आहात काय, असे त्यांनी थेट खलीफांना विचारले. आदरणीय उमर (रजि.) यांना वाईट वाटले, कारण अबू उबैदांना विरोध करणे त्यांना आवडत नसे. हे दुसऱ्या कोणी म्हटले असते तर, एवढेच ते म्हणाले आणि मग त्यांनी समजावले की आपण अल्लाहच्या एका तकदीरीकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरीकडे जात आहोत. त्यांनी उदाहरण दिले: एका खोऱ्याला दोन उतार असावेत, एक हिरवागार आणि एक उजाड. उंट हिरव्या उतारावर चारला तरी अल्लाहच्या तकदीरीने, उजाड उतारावर चारला तरी अल्लाहच्याच तकदीरीने. उंटवाल्याने कोणता उतार निवडावा, हे सांगायची गरज आहे काय?

तवक्कुल आणि खबरदारी यांच्यातले भांडण या एका उदाहरणात मिटते. तवक्कुल म्हणजे उतार न निवडणे नव्हे. उतार निवडून, घाम गाळून, मग चारा देणारा अल्लाह आहे हे मनात जागे ठेवणे म्हणजे तवक्कुल.

एवढ्यात आदरणीय अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले. ते कोणत्या तरी कामासाठी बाहेर गेले होते, मसलतीच्या वेळी हजर नव्हते. ते म्हणाले की या बाबतीत माझ्यापाशी ज्ञान आहे, मी स्वतः प्रेषितांकडून (स.) ऐकले आहे. एखाद्या प्रदेशात साथ असल्याचे कळले तर तेथे जाऊ नये आणि आपण आहोत तेथेच साथ आली तर तेथून पळून बाहेर पडू नये, असा तो आदेश होता. उमर (रजि.) यांनी अल्लाहची हम्द केली आणि ते परतले. आज ज्याला आपण विलगीकरण म्हणतो, त्याचे सूत्र यात आहे: आजार आत आणू नका, आजार बाहेर नेऊ नका.

अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) हजर नव्हते, आल्याबरोबर बोलले. मी हजर होतो आणि बोललो नाही. ज्याच्यापाशी ज्ञान आहे त्याने संकटात मौन धरले की त्या रिकाम्या जागेत अफवा शिरते. आलिम, डॉक्टर, शिक्षक, परिचारिका, औषध विक्रेता, ज्याला जे ठाऊक आहे ते त्याने वेळेवर आणि नम्रपणे सांगणे ही अमानत आहे.

चाचांच्या मुद्द्याचे उत्तरही देतो, कारण तो मुद्दा आजही अनेक घरांत निघतो. संसर्ग नाही, अशा अर्थाची हदीस खरोखर आहे. पण सहीह बुखारीत त्याच कथनात कुष्ठरोग्यापासून सिंहापासून दूर जावे तसे दूर राहण्याचाही आदेश आहे. आजारी उंट निरोगी उंटांत आणू नयेत, हीही सहीह हदीस आहे. आलिमांनी या सर्वांचा मेळ असा घातला आहे: अज्ञानकाळातील अरब आजारालाच स्वतंत्र शक्ती मानत, प्रेषितांनी (स.) त्या समजुतीला नकार दिला. कारणांना नकार दिला नाही. आग जाळते ती अल्लाहच्या परवानगीने, पण म्हणून कोणी निखारा पदरात बांधत नाही. आणि ज्या इब्न अब्बासांनी (रजि.) सर्गची हकीकत सांगितली, त्यांनीच एका पावसाळी जुम्याला मुअज्जिनकडून ‘घरीच नमाज पढा’ असे पुकारून घेतले होते. चिखलासाठी जी सवलत आहे, ती जिवासाठी नसेल काय?

अनुभवाची साक्ष हवी असेल तर बुखारी शरीफचे थोर भाष्यकार हाफिज इब्न हजर अस्कलानी (रह.) यांच्याकडे चला. त्यांच्या तीन मुली ताऊनमध्ये अल्लाहला प्यारी झाल्या. ‘बज्लुल माऊन’ हा साथीवरचा त्यांचा ग्रंथ आहे. हिजरी ८३३ मध्ये कैरोत साथ आली, तेव्हा दिवसाला चाळिसाहून कमी माणसे दगावत होती. लोकांनी तीन दिवस रोजे ठेवले आणि वाळवंटात मोठ्या संख्येने एकत्र जमून दुआ केली. महिना संपण्याच्या आत दिवसाला हजाराहून अधिक जनाजे उठू लागले, असे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. दुआ व्यर्थ होती असे हा दुआगो आलिम म्हणत नाही. दुआसाठी गर्दी करणे हे प्रेषितांनी (स.) शिकवलेले नव्हते, एवढेच तो दाखवतो.

आता एका वेदनेविषयी बोलले पाहिजे, कारण ती न बोलता हा विषय पुरा होणार नाही. त्या वसंतात दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजच्या निमित्ताने साऱ्या मुस्लिम समाजाकडे बोट दाखवले गेले. भाजीच्या गाडीवाल्याला नाव विचारून वस्तीतून हाकलले गेले. आजाराला धर्म चिकटवला गेला. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगसाठी आलेल्या २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याचे मत नोंदवले. त्यानंतरच्या महिन्यात आपल्या नागपूर खंडपीठानेही म्यानमारच्या ८ नागरिकांवरील गुन्हा रद्द केला. न्याय मिळाला, पण ज्याच्या गाडीवरची भाजी त्या दिवशी सडली, त्याच्यापर्यंत तो निकाल पोहोचला नाही.

इतरांनी आपल्याविषयी बदगुमानी केली, हे आपल्याला बोचले. बोचायलाच हवे. पण मग आपण काय केले? काही महिन्यांपूर्वीच कागदपत्रांची भीती घराघरांत शिरली होती. त्यामुळे दारात यादी घेऊन उभ्या असलेल्या आशा सेविकेकडेही आपण शत्रूसारखे पाहिले. ताप आलेल्या माणसाला मागच्या खोलीत लपवले. मेयोत नेले की इंजेक्शन देऊन मारतात, अशी ध्वनिफीत न तपासता पुढे पाठवली. लसीने वंश खुंटतो, अशीही बातमी पसरवली. सूरह हुजुरातमध्ये बातमी तपासून घेण्याचा आदेश आहे आणि त्याच सूरहमध्ये पुष्कळशा गुमानांपासून दूर राहण्याचाही आदेश आहे. सूरह निसाच्या ८३ व्या आयतीत, शांततेची वा भीतीची बातमी येताच ती पसरवणाऱ्यांना ती आधी जाणकारांकडे न्यायला हवी होती, असे बजावले आहे. हे आदेश वृत्तवाहिन्यांच्या निवेदकांना उद्देशून नाहीत. ते ईमानवाल्यांना, म्हणजे आपल्याला, उद्देशून आहेत.

भीतीतून उसळणारा हा राग नवा नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. घराघरांतील झडती, रुग्णांना ओढून नेणे, स्त्रियांची तपासणी यांमुळे लोक संतापले. मार्च १८९८ मध्ये मुंबईतील मुस्लिम विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला नेण्यावरून दंगल पेटली. मोमिनपुऱ्याचे पूर्वजही विणकरच. म्हणून त्या गल्ल्यांतली धास्ती आपल्याला अनोळखी वाटू नये. सरकारी बळजोरी चूक होती आणि सत्तेने माणसाची इज्जत राखूनच त्याचा जीव वाचवला पाहिजे, हा धडा तेव्हाही होता, आजही आहे. पण त्याच काळाची दुसरी बाजूही आहे. डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली. लोक घाबरत असताना तरुण आगाखान तिसरे यांनी आपल्या अनुयायांसमोर ती लस स्वतः घेतली. मराठीच्या पदवी परीक्षेसाठी मी ज्या सावित्रीबाई फुले अभ्यासल्या, त्या पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना स्वतः आजारी पडल्या आणि १० मार्च १८९७ रोजी हे जग सोडून गेल्या. साथीत माणसे फक्त भांडत नाहीत. काही माणसे भांडणाच्या मधून वाट काढत रुग्णापर्यंत पोहोचतात.

आपल्या विदर्भातही ती पोहोचली. अकोल्यात कच्छी मेमन जमातीच्या स्वयंसेवकांनी, ज्यांचे आप्तही जवळ येईनात अशा मृतांना, त्यात हिंदू बांधवही होते, त्यांच्या त्यांच्या रीतीने अखेरचा निरोप दिला. २०२१ च्या एप्रिलमध्ये, रमजानच्या दिवसांत, नागपूर प्राणवायूसाठी तडफडत असताना येथील वाहतूक व्यावसायिक प्यारे खान यांनी पदरचे सुमारे ८५ लाख रुपये खर्चून टँकर आणवले आणि ते पैसे परत घेण्यास नकार दिला. ज्या रुग्णाच्या नळीतून तो प्राणवायू वाहिला, त्याचा धर्म कोणी विचारला नाही. एक जीव वाचवणे म्हणजे साऱ्या मानवजातीला वाचवणे, हा सूरह मायदाचा संदेश त्या टँकरांनी आपल्या रस्त्यांवरून नेला. बदगुमानीला याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही.

पुन्हा त्या ओसरीकडे येतो. २०२० च्या सप्टेंबरात नागपुरात साथ शिगेला पोहोचली. चाचांना ताप आला. चार दिवस त्यांनी तो कोणाला कळू दिला नाही. पाचव्या दिवशी श्वास लागला, आणि सातव्या दिवशी त्यांचा जनाजा उठला. कबरस्तानात मोजकी माणसे होती. अंगभर संरक्षक पोशाख घालून ज्या चार स्वयंसेवकांनी चाचांना कबरीत उतरवले, त्यांत तो औषधांच्या दुकानातला तरुण होता. माती देऊन झाल्यावर तो माझ्यापाशी आला आणि म्हणाला, “इमामसाहेब, मी त्यांना जाहिल म्हटले होते. त्यांनी मला माफ केले असेल का?” मजजवळ उत्तर नव्हते. आणि चाचांचा मुलगा त्या तरुणाशी पुढे कित्येक वर्षे बोलला नाही. वडिलांचा अपमान करणारा, एवढीच त्याची ओळख त्याच्या मनात राहिली.

अबू उबैदा (रजि.) आणि उमर (रजि.) यांचा शेवट आठवा. साथ वाढली तेव्हा उमर (रजि.) यांनी निमित्त काढून अबू उबैदांना मदीनेला बोलावले. ते हेतू ओळखून म्हणाले की मी माझ्या सैनिकांना सोडून येणार नाही. ते उत्तर वाचून खलीफा रडले. मग सैन्याला उंच, निरोगी जागी हलवण्याविषयी त्यांनी लिहिले, आणि अबू उबैदा (रजि.) त्याच साथीत गेले. दोघांचे मत वेगळे होते, पण एकाच्या पत्राने दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले. नंतर आदरणीय अम्र बिन आस (रजि.) यांनी लोकांना डोंगरांत पांगण्यास सांगितले. तेव्हा एकाने त्यांना सर्वांसमक्ष कठोर शब्द सुनावले. मी याचे उत्तर देणार नाही, एवढे बोलून अम्र (रजि.) कामाला लागले. लोक पांगले आणि अल्लाहने साथ दूर केली. वाद जिंकण्यापेक्षा माणसे वाचवणे त्यांना अधिक निकडीचे वाटले.

प्रेषितांनी (स.) सांगितले आहे की मुसलमानाला आपल्या भावाशी तीन दिवसांहून अधिक अबोला धरणे वैध नाही, आणि दोघांत उत्तम तो, जो आधी सलाम करतो. तीन दिवस! आपण वर्षे मोजत आहोत.

गेल्या शाबानमध्ये मी चाचांच्या मुलाकडे गेलो. त्या तरुणालाही बोलावले. दोघांना सांगितले की त्या संध्याकाळी तुमच्या दोघांच्या मध्ये जे ज्ञान ठेवायला हवे होते, ते माझ्यापाशी होते आणि मी ते दिले नाही. पहिली माफी मी मागतो. चहा आला. फारसे कोणी बोलले नाही. संबंध पूर्वीसारखे झाले असे मी म्हणणार नाही. पण आता एकाच्या सलामाला दुसऱ्याचे उत्तर येते.

वाचकहो, पुढची साथ केव्हा येईल हे अल्लाह जाणतो. ती येण्याआधी आपल्या मशिदीची कमिटी, मोहल्ल्यातले डॉक्टर आणि आलिम एका चटईवर बसलेले असू द्या, म्हणजे भीतीच्या रात्री त्यांना एकमेकांची ओळख विचारावी लागणार नाही. कानावर आलेली प्रत्येक गोष्ट पुढे सांगत सुटणे, हेच माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे, ही प्रेषितांची (स.) ताकीद मुलांना फोन हाती देतानाच शिकवा. आणि आज, हे पान मिटल्यावर, सुरुवातीच्या प्रश्नाला ज्या व्यक्तीचा चेहरा आपल्या डोळ्यांसमोर आला, तिच्या दाराशी जा. ती व्यक्ती या जगात नसेल, तर तिच्यासाठी मगफिरतची दुआ करा आणि तिच्या मुलांना सलाम करा.

हे अल्लाह, त्या साथीत जे गेले त्यांना शहीदांचा दर्जा दे. जे मागे राहिले त्यांची मने जोड. ज्यांना तू ज्ञान दिलेस त्यांना ते वेळेवर सांगण्याची हिंमत दे आणि आम्हाला हिरवा उतार ओळखण्याची समज दे. आमीन.